गाठीचं वजन छापता, तसा तपासणीचा अहवालही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर मागच्या आठवड्यात एक बातमी होती. एका शेतकऱ्याच्या मांडीतून सव्वा किलोची चरबीची गाठ काढली, शस्त्रक्रिया यशस्वी झाली, तिसऱ्या दिवशी रुग्ण आपल्या पायांनी चालत घरी गेला. सोबत फोटो. हिरव्या गाऊनमधले डॉक्टर, मागे दोन सिस्टर आणि समोर स्टीलच्या ट्रेमध्ये ठेवलेली गाठ. बातमी मी दोनदा वाचली. गाठीचं वजन होतं, शस्त्रक्रियेला किती तास लागले ते होतं, नातेवाइकांनी मानलेले आभारही होते. गाठ तपासणीला पाठवली की नाही, हे मात्र कुठेच नव्हतं. मग ती चरबीची होती, हे ठरवलं कशावरून?

मला हा प्रश्न पडला, कारण माझी सगळी नोकरी या एकाच कामात गेली. मराठवाड्यातल्या एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात, विकृतिशास्त्र (पॅथॉलॉजी) विभागात, मी प्रयोगशाळा तंत्रज्ञ होते. ऑपरेशन थिएटरमधून बरणीत घालून आलेली गाठ किंवा तुकडा डॉक्टरांच्या मायक्रोस्कोपखाली स्लाईड होऊन जाईपर्यंतचं सगळं काम आमच्याकडे. निदान करणं डॉक्टरांचं काम. ते मी कधी केलं नाही आणि या पत्रातही करणार नाही. त्या शेतकऱ्याची गाठ साधीच असेल, आणि साधीच असो. अंगावर उठणाऱ्या गाठींपैकी बहुतेक साध्याच असतात. शंभरात जेमतेम एखादी वाईट निघते. हे पत्र त्या एखादीसाठी आहे.

तिला सार्कोमा म्हणतात. कॅन्सर म्हटलं की आपल्याकडे तंबाखूचा तोंडाचा, बायकांचा स्तनाचा किंवा गर्भपिशवीच्या तोंडाचा, एवढेच डोळ्यांपुढे येतात. हे सगळे कातडीच्या, आतल्या अस्तराच्या नाहीतर ग्रंथींच्या पेशींतून उठतात. सार्कोमा उठतो तो शरीराला आधार देणाऱ्या, जोडून धरणाऱ्या भागांतून. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात ज्यांना संयोजी ऊती म्हटलंय त्या आणि त्यांच्या भावकीतल्या: चरबी, स्नायू, स्नायुबंध, हाड, कूर्चा, रक्तवाहिन्या, नसांवरचं आवरण. मोठ्या माणसांच्या एकूण कॅन्सरमध्ये याचं प्रमाण शंभरात एकाच्या आसपास. लहान मुलांत मात्र ते शंभरात दहा ते पंधरापर्यंत जातं. याचे सत्तरहून जास्त प्रकार आहेत. चरबीतून उठणारा लायपोसार्कोमा मध्यम वयात आणि उतारवयात दिसतो, सायनोव्हियल सार्कोमा तरण्या पोरांत, बहुधा सांध्याच्या आसपास. रॅब्डोमायोसार्कोमा लेकरांचा. हाडातला ऑस्टिओसार्कोमा वाढीच्या वयातल्या मुलामुलींना होतो आणि त्याची आवडती जागा गुडघ्याच्या वरखाली. इतके प्रकार आणि इतके थोडे रुग्ण, म्हणून तालुक्याच्या डॉक्टरला सगळ्या प्रॅक्टिसमध्ये याचा एखाददुसराच रुग्ण भेटतो. तो समोर आला की पटकन मनात यावा, अशी अपेक्षा करणं अवघड आहे. म्हणूनच मी अपेक्षा ठेवते ती बरणीची. बरणी भरून प्रयोगशाळेत पाठवली की कुणाला काही आठवावं लागत नाही.

मऊ भागांतला हा आजार बहुधा दुखत नाही, हीच त्याची मोठी अडचण. गळू ठणकतं, दाढ ठणकते, म्हणून माणूस दवाखाना गाठतो. मांडीच्या आतली ही गाठ महिनोनमहिने गुपचूप वाढते, नसेवर किंवा हाडावर दाब येईपर्यंत काहीच जाणवत नाही. पोटाच्या मागच्या अंगाला, मूत्रपिंडाजवळ उठली तर आणखीच उशीर. तिथे जागा मोकळी असते, गाठ काही किलोंची होते आणि तोवर घरचे म्हणत राहतात की पोट सुटलंय. ‘पोटातून पाच किलोचा गोळा काढला’ अशा बातम्या आपल्या पानावर अधूनमधून येतात. त्यांतले काही गोळे या जातीचे असू शकतात. आणखी एक गोष्ट रुग्ण हमखास सांगतो: मार लागला होता, तिथेच गाठ झाली. माराने सार्कोमा होत नाही. मार लागल्यावर हात तिथे जातो आणि आधीपासून असलेली गाठ हाताला लागते, एवढंच. बहुतेकांत कारण सापडतच नाही. पूर्वी किरणोपचार दिलेली जागा, वर्षानुवर्षं सुजून राहिलेला हात, काही घराण्यांत पिढ्यांतून आलेले जनुकीय दोष, अशी थोडीच कारणं माहीत आहेत. कुणाच्या खाण्यापिण्यात किंवा वागण्यात दोष काढण्याचं काही कारण नाही.

आता बरणीबद्दल. चांगली आलेली बरणी रुंद तोंडाची असते, तिच्यात दहा टक्के फॉर्मालिन, म्हणजे मांस कुजू न देणारं द्रावण, असतं, गाठीच्या दहापट तरी, आणि बाहेर नाव, वय, बाजू, जागा आणि तारीख लिहिलेली असते. प्रत्यक्षात आमच्याकडे सलाईनची मान कापलेली बाटली यायची, औषधाची डबी यायची, कधी नुसती कॅरीबॅग. मे महिन्यात फॉर्मालिनशिवाय दिवसभर एसटीतून आलेल्या गाठीचं काय होतं ते सांगवत नाही. तिच्यातल्या पेशी वाचण्याजोग्या उरत नाहीत. अरुंद तोंडाच्या बाटलीत कोंबलेली गाठ तर आणखी छळायची. ताजी असताना ती मऊ असते, दाबून आत जाते. फॉर्मालिनने ती घट्ट होते आणि मग बाहेर निघत नाही. अशा वेळी आम्ही बाटली कापायचो, हळूहळू, गाठीची बाहेरची कड बिघडू नये म्हणून. त्या कडेला आमच्याकडे फार महत्त्व. गाठ कापण्याआधी तिच्या सगळ्या बाहेरच्या अंगाला काळी शाई लावतात. नंतर मायक्रोस्कोपखाली वाईट पेशी त्या शाईपर्यंत पोहोचलेल्या दिसल्या, तर रुग्णाच्या शरीरातही काही मागे राहिल्या असण्याची भीती असते.

शाई वाळली की डॉक्टर लांब सुरीने गाठ मधोमध कापतात. साधी चरबीची गाठ पिवळी असते, सुरीचं पातं तुपकट होतं, पुसायला कापूस लागतो. सार्कोमाची गाठ पुष्कळदा पांढुरकी, ओलसर, माशाच्या मांसासारखी निघते, मध्येच रक्त साकळलेलं, कुठे मेलेला भुसभुशीत भाग. पण डोळ्यांवर भरवसा ठेवता येत नाही. लायपोसार्कोमाचा एक प्रकार कापल्यावरही साध्या चरबीसारखा पिवळाच दिसतो. ट्रेमध्ये पाहून ‘चरबीची आहे’ म्हणणारा अनुभवी माणूससुद्धा तिथे फसू शकतो. म्हणून गाठीच्या दर सेंटिमीटरमागे एक तरी तुकडा घ्यायचा, तो अल्कोहोलमधून, झायलीनमधून काढून मेणात बसवायचा, मायक्रोटोमवर त्याचा तीन-चार मायक्रॉनचा काप काढायचा. मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग. काप कोमट पाण्यावर सोडला की सुरकुत्या आपोआप जातात. तो स्लाईडवर अलगद उचलून रंगवायचा, पेशींची केंद्रकं निळी-जांभळी, बाकीचा भाग गुलाबी. मग डॉक्टर पेशी मूळ जातीपासून किती बिघडल्या आहेत ते बघतात, मायक्रोस्कोपच्या दहा क्षेत्रांत दुभंगणाऱ्या पेशी मोजतात आणि गाठीचा किती भाग मेला आहे ते पाहतात. या तिन्हींवरून एक, दोन किंवा तीन अशी श्रेणी ठरते. पुढचा सगळा उपचार त्या आकड्यावर उभा असतो. या कामाला काही दिवस लागतात, वेगळे रंग लावायचे झाले तर आणखी थोडे. आपल्या बातमीतला रुग्ण तिसऱ्या दिवशी घरी गेला, तेव्हा अहवाल आलेला नसणार. शस्त्रक्रिया यशस्वी झाली हे तेवढ्यात कसं कळलं?

एका माणसाबद्दल सांगते. धारूरच्या डोंगरपट्ट्यातला ऊसतोड कामगार, वय पंचविशीच्या आतबाहेर. गुडघ्याच्या मागे, मांडीच्या खालच्या अंगाला गाठ. मुकादमाची उचल घेतलेली, त्यामुळे दिवाळीनंतर बायकोसोबत कारखान्यावर गेला. गाठ दुखत नव्हती. मोळी उचलून ट्रॅक्टरवर चढताना पाय आखडायचा, तेवढंच. तिकडे कुणीतरी बिब्बा घालायला सांगितला. कातडी भाजली, चट्टा पडला, गाठ तशीच. मग एकाने तेल लावून चोळून दिली. हंगाम संपल्यावर गावी आला आणि तालुक्याच्या एका खासगी दवाखान्यात जागा बधिर करून गाठ काढून घेतली. चीर आडवी. नातेवाइकांना ट्रेमध्ये गाठ दाखवली, ‘चरबीची होती, निघाली’ म्हणून सांगितलं आणि ती पिवळ्या पिशवीत गेली. जैव-वैद्यकीय कचऱ्याच्या 2016 च्या नियमांप्रमाणे शरीरातून काढलेले भाग पिवळ्या पिशवीत घालून जाळायला देतात. तपासणीला न पाठवलेली गाठ तिथे संपते. नंतर कुणाला काही विचारायचं झालं तरी विचारायला काही शिल्लक नसतं.

पोळ्याच्या सुमारास व्रणाच्या दोन्ही टोकांना फुगवटा आला. आमच्याकडे तो आला तेव्हा हातात पैसे भरल्याची पावती होती. काय काढलं, किती खोलवरून काढलं, याचा एक कागद नव्हता. जाड सुईने तुकडा घेतला आणि तो माझ्याच हाताखालून गेला. अहवाल आला सायनोव्हियल सार्कोमा. छातीच्या सीटी स्कॅनमध्ये दोन्ही फुफ्फुसांत दाणे. हा आजार बहुधा रक्तातून पसरतो आणि पहिला मुक्काम फुफ्फुसांत करतो. काखेतल्या किंवा जांघेतल्या गाठी चाचपून पाहिल्या तर त्या पुष्कळदा ठीकच लागतात. “दुखत नव्हती म्हनून राहू दिली, म्याडम,” एवढंच त्याची बायको पुन्हा पुन्हा सांगायची. तो पुढे वारला. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. आता ती एकटी जाते, अर्धा कोयता म्हणून, आणि उचलही अर्धीच मिळते.

पहिलीच गाठ बरणीत आली असती तर तो नक्की वाचला असता, असं मी म्हणत नाही. ते कुणालाच सांगता येणार नाही. पण अमेरिकेतल्या नोंदींप्रमाणे मऊ भागांतला सार्कोमा उठल्या जागीच असताना सापडला तर दहांपैकी साधारण आठ रुग्ण पाच वर्षांनी जिवंत असतात, आणि दूर पसरल्यावर सापडला तर दहांपैकी एक-दोन. या दोन आकड्यांमधले महिने त्या माणसाचे बिब्ब्यात, चोळण्यात आणि पिवळ्या पिशवीत गेले.

गाठ चुकीच्या पद्धतीने काढल्याने काय बिघडतं, हेही वाचकांना कळायला हवं. सर्जन मंडळींना ते ठाऊक आहे. सार्कोमा वाढताना आजूबाजूचं मांस दाबत जातो आणि त्या दाबलेल्या मांसाचंच गाठीभोवती एक कवच तयार होतं. त्यामुळे सर्जनचं बोट भोवती सहज फिरतं आणि गाठ अख्खी सुटून हातात येते. बघणाऱ्याला वाटतं, किती स्वच्छ निघाली. पण ते कवच खोटं असतं. त्याच्यातच आणि त्याच्या बाहेरही गाठीच्या पेशी असतात, त्या मागे राहतात. खरी शस्त्रक्रिया गाठीला न उघडता, तिच्याभोवतीच्या चांगल्या मांसाचा थर सोबत घेऊन करतात. हातापायावरची चीर उभी घ्यावी लागते, कारण पुढच्या शस्त्रक्रियेत आधीचा सगळा व्रण काढून टाकायचा असतो. आडवी चीर असली की काढायचा भाग एकदम रुंदावतो, मग दुसरीकडची कातडी-मांस आणून तिथे बसवावं लागतं. तपासणीसाठी सुई कुठून घालायची, हेसुद्धा पुढे शस्त्रक्रिया करणाऱ्याने ठरवलेलं बरं. हेन्री मँकिन या अमेरिकन अस्थिशल्यतज्ज्ञाने 1982 साली आणि पुन्हा 1996 साली हाडांच्या आणि मऊ भागांच्या गाठींच्या तपासण्यांचा आढावा घेतला. दोन्ही वेळा तेच आढळलं: तुकडा घेताना झालेल्या चुका उपचार करणाऱ्या केंद्रापेक्षा रुग्ण पाठवणाऱ्या दवाखान्यांत कित्येक पटींनी जास्त. पहिल्या आढाव्यानंतर चौदा वर्षांनीही त्यात फारसा फरक पडला नव्हता.

नोकरीत असताना नव्या मुलींना मी एक गोष्ट आवर्जून सांगायचे. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत पेटन राऊस नावाचे डॉक्टर होते. एक कोंबड्या पाळणारा शेतकरी छातीवर गाठ असलेली कोंबडी घेऊन त्यांच्याकडे आला. राऊस यांनी ती गाठ कापली, तपासली. सार्कोमा. तिचा पेशीविरहित अर्क दुसऱ्या कोंबड्यांना टोचला तर त्यांनाही सार्कोमा झाला. 1911 साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं, फार कुणी मनावर घेतलं नाही. 1966 साली त्याच कामाला नोबेल मिळालं. पुढे त्याच विषाणूतल्या जनुकाचा माग काढत बिशप आणि वार्मस यांनी दाखवलं की कॅन्सर घडवणाऱ्या जनुकाचं मूळ निरोगी पेशीतच असतं. त्यांना 1989 चं नोबेल. एका कोंबडीची गाठ कुणीतरी नीट तपासली, म्हणून एवढं सगळं कळलं. आमच्या माणसांच्या गाठी निदान तेवढ्या तरी तपासल्या जाव्यात, असं मला मनापासून वाटतं.

तपासणीला लोक का घाबरतात, तेही मी पाहिलं आहे. ‘कॅन्सर निघाला तर पाय कापतील’ ही पहिली भीती. ती फार जुन्या काळातली आहे. 1982 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतल्या स्टीव्हन रोझेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी हातापायाच्या सार्कोमाच्या 43 रुग्णांचा अभ्यास मांडला. काहींचा अवयव कापला, काहींचा ठेवून गाठ काढली आणि किरणोपचार दिले, केमो दोन्ही गटांना. जगण्यात फरक पडला नाही. तेव्हापासून अवयव वाचवणं हीच रीत झाली आणि चांगल्या केंद्रात आज बहुतेकांचा हात किंवा पाय वाचतो. गुडघ्याजवळच्या हाडातला ऑस्टिओसार्कोमा असला तर तेवढा हाडाचा भाग काढून धातूचा सांधा बसवतात. केमो येण्याआधी त्या आजारात पाच मुलांपैकी एखादं वाचायचं, आता पसरण्याआधी आलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त वाचतात. पाय जातो तो बहुधा उशिरा आल्यामुळे, किंवा आधी चुकीचं कापल्यामुळे. दुसरी भीती अशी की सुई टोचली की कॅन्सर पसरतो. योग्य जागेतून, योग्य माणसाने टोचलेल्या सुईने ते होत नाही, आणि सुईची वाटही पुढे गाठीसोबत काढून टाकतात.

मग कोणत्या गाठीसाठी धावपळ करायची? पट्टीने मोजून 5 सेंटिमीटरपेक्षा मोठी असलेली. वाढत चाललेली. एकदा काढून पुन्हा आलेली. आणि खोलवरची. खोलवरची ओळखायला एक सोपी गोष्ट करता येते: तिथला स्नायू ताणून धरा आणि गाठ हलवून पाहा. सैल असताना हलणारी गाठ स्नायू ताणल्यावर जागच्या जागी अडकली, तर ती स्नायूत किंवा त्याच्या आवरणाखाली असण्याची शक्यता मोठी. दुखत नाही म्हणून यातली कुठलीही सोडू नये. मुलांच्या हाडातल्या सार्कोमात उलट, दुखणं हीच खूण. गुडघ्याजवळ दुखतंय, रात्री झोपमोड होतेय, दोन-तीन आठवडे झाले तरी थांबत नाही, तर तेल लावण्याआधी एक एक्स-रे काढा. क्रीडाशिक्षकांनी याकडे लक्ष द्यावं, कारण मूल घरी सांगण्याआधी मैदानावर लंगडतं.

अशी गाठ असली की आधी सोनोग्राफी, ती आता तालुक्यालाही होते. गाठ घट्ट आहे की पाण्याची, वर आहे की आत, एवढं त्यात कळतं. शंका राहिली तर एमआरआय, मग जाड सुईने तुकडा. बारीक सुईची तपासणी, जिला एफएनएसी म्हणतात, ती या आजाराला बऱ्याचदा अपुरी पडते. प्रकार आणि श्रेणी ठरवायला अखंड तुकडा लागतो. गाठ काढायची ती या सगळ्यानंतर. आमच्या भागातल्या एका ग्रामीण रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरने एका शिक्षिकेच्या खांद्यामागची गाठ अशीच कापायला नकार दिला. सोनोग्राफी करून चिठ्ठीवर ‘स्नायूच्या आवरणाखाली, घट्ट, इथे कापू नये’ असं लिहून पुढे पाठवलं. बाईंना राग आला होता, एवढ्याशा गाठीसाठी मुंबई कशाला म्हणून. गाठ सार्कोमाच होती, श्रेणी एक. त्या आजही शाळेत शिकवतात. त्या डॉक्टरची बातमी कुठे छापून आली नाही. ती आली असती तर मला फार आनंद झाला असता.

कुठे जायचं, हा प्रश्न मराठवाड्यात कायमचा. छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. धाराशिव, लातूर आणि बीडच्या दक्षिण भागातल्या लोकांना बार्शीचं नर्गिस दत्त स्मृती रुग्णालय जवळ पडतं. आणि परळचं टाटा 1941 पासून आहेच. तिथे नांदेडहून, लातूरहून रात्रीच्या गाडीने जाणाऱ्यांनी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत चौकशी करावी, कॅन्सरच्या रुग्णांची आणि सोबतच्यांची तिथे सोय होते. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत शस्त्रक्रिया, केमो आणि किरणोपचार बसतात. अडतं ते निदानाआधी. एमआरआय आणि तपासणीचे पैसे बहुधा घरातूनच जातात आणि तिथेच गरीब माणूस माघारी फिरतो. आमदार-खासदारांनी एमआरआयचं उद्घाटन करताना हाही खर्च योजनेत कसा आणता येईल ते पाहावं. ज्यांची गाठ आधीच कुठे तपासली आहे त्यांनी जाताना नुसता अहवाल नेऊ नये. मेणाचे ब्लॉक आणि स्लाईड मागून घ्याव्यात. मोठ्या केंद्रात त्या पुन्हा पाहतात, आणि मेणात बसवलेला तुकडा वर्षानुवर्षं टिकतो.

बार्शीत 1987 साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली, तिच्यात आपले परंडा आणि भूम हे तालुकेही घेतले होते. गावोगाव फिरून त्या लोकांनी नोंदी केल्या, फार मोठं काम. पण नोंद होते ती निदान झालेल्या आजाराची. पिवळ्या पिशवीत गेलेली गाठ कुठल्याच वहीत येत नाही. 2019 साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढण्याचा विषय विधिमंडळात गाजला. शस्त्रक्रिया गरजेच्या होत्या का, हा प्रश्न विचारला गेला आणि तो विचारायलाच हवा होता. त्या गर्भपिशव्यांपैकी किती तपासणीला गेल्या, हे कुणी विचारल्याचं माझ्या कानावर आलं नाही. गर्भाशयाच्या स्नायूतही सार्कोमा होतो आणि बाहेरून तो फायब्रॉइडसारखा, म्हणजे गर्भाशयातल्या साध्या गाठीसारखाच दिसतो. याच कारणाने 2014 साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत फायब्रॉइड यंत्राने बारीक करून काढण्याबद्दल इशारा दिला होता, आत लपलेला सार्कोमा पोटात सगळीकडे पसरू नये म्हणून.

आपल्याकडे माझं मागणं छोटं आहे. गाठ काढल्याची बातमी आली की वार्ताहराने डॉक्टरांना एक प्रश्न विचारावा: तपासणीला कुठे पाठवली आणि अहवाल काय आला? अहवाल यायचा असेल तर बातमी थांबवावी, गाठीचा फोटो आठ-दहा दिवसांनी छापला तरी चालतो. अहवाल साधा आला तर तसं लिहावं, वाचकालाही कळेल की तपासणी झाल्याशिवाय कुणी ‘चरबीची’ म्हणत नाही. अहवाल वाईट आला तर ती बातमीच छापू नये, तो त्या माणसाचा खासगी मामला आहे. दवाखान्यांना मात्र कळेल की पेपरवाले हे विचारतात. रुंद तोंडाची बरणी आणि फॉर्मालिन महाग नाही. जिल्हा शल्यचिकित्सकांनी प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाच्या थिएटरमध्ये ते भरून ठेवायला लावावं आणि गाठ पाठवली की तिची वहीत नोंद व्हावी.

ज्या वाचकांची गाठ गेल्या वर्ष-दोन वर्षांत काढली आहे आणि हातात अहवाल नाही, त्यांनी आधी त्या दवाखान्यात जाऊन कागद मागावेत. मिळाले नाहीत तर व्रणाची जागा एकदा सर्जनला दाखवावी, तिथे घट्टपणा लागत असेल तर सोनोग्राफी करून घ्यावी. आपल्या आरोग्य पानाच्या वार्ताहराला हे काम प्रत्यक्ष पाहायचं असेल, तर महाविद्यालयाची परवानगी काढण्यात मी मदत करेन आणि सोबतही येईन. सकाळी दहाच्या आत यावं लागेल. ग्रॉसिंग टेबलवर, म्हणजे गाठी कापून पाहायच्या टेबलवर, आदल्या दिवशीच्या बरण्या तेव्हाच उघडतात.

कळावे,
आपली एक नियमित वाचक
निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, केज, जि. बीड